आडवाटेची सायकल

सासूबाई सांगलीहून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा बसमधून उतरता उतरता त्यांनी एका दुकानावरची इंग्रजी पाटी वाचली आणि एकदम खूश झाल्या. "मराठाहळ्ळी! म्हणजे आपल्याच माणसांचं गाव की गं हे!" शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, हे त्यांनी तीस वर्षे शाळेत शिकवले होते. त्यामुळे त्यांचा आनंद अगदीच निराधार नव्हता. पण आमच्या ओंकारने तो फार वेळ टिकू दिला नाही. "आजी, ते मारतहळ्ळी आहे. इकडे 'त' लिहायला टीएच वापरतात. आणि हळ्ळी म्हणजे खेडं."

खेडे! आमच्या गॅलरीतून बाहेरचा रिंग रोड दिसतो. मेट्रोचे खांब, त्यांच्या दोन्ही बाजूंना गाड्या, आणि गाड्यांच्या फटींतून घुसणाऱ्या दुचाक्या. सासूबाई तिथे चहाचा कप घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. मग कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या मुलांच्या दोन सायकलींकडे बघून म्हणाल्या, "आणि या कुठं चालवतात?"

प्रश्न रास्तच होता. २०२० साली सिल्क बोर्डपासून कृष्णराजपुरम्‌पर्यंत या रिंग रोडच्या कडेने सुमारे १७ किलोमीटरची सायकलपट्टी आखली होती. मधे छोटे खांबही रोवले होते. पण मेट्रोचे खोदकाम आणि दुचाकीवाल्यांची घाई यांच्यात ती पट्टी टिकली नाही. त्यामुळे सासूबाईंना उत्तर द्यावे लागले, की मुले रस्त्यावर सायकल चालवतच नाहीत. रविवारी पहाटे सायकली गाडीच्या मागच्या कॅरिअरला बांधायच्या, शहराबाहेर जायचे आणि मातीत चालवायच्या. "म्हणजे सायकल गाडीत बसून फिरायला जाते," त्या म्हणाल्या. तेही खरेच.

या सायकलीला माउंटन बाईक म्हणतात. जाड, खाचांचे टायर, पुढच्या चाकाला धक्का शोषणारा फोर्क, भक्कम ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. हा खेळ सुरू झाला तो अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या टॅमल्पाइस डोंगराच्या परिसरात १९७६ च्या सुमारास काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यती लावू लागले. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या आसात असत. एका उतारात ते इतके तापत, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर नवे ग्रीस भरावे लागे. त्या शर्यतीचे 'रीपॅक' हे नावच त्यावरून पडले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकेही ठेवली गेली. आपल्याकडे संगमनेरच्या प्रणिता सोमणसारख्या मुलीने यात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे. तेव्हा हा श्रीमंत पोरांचा चाळा आहे, हा माझा पहिला समज मी केव्हाच मागे घेतला. सायकल मात्र स्वस्त नाही. डोंगरात टिकेल अशी घ्यायची तर पंचवीस-तीस हजारांच्या पुढची तयारी ठेवावी लागते. दुकानात सहा-सात हजारांना मिळणारी, दोन्हीकडे स्प्रिंगा लावलेली चकचकीत सायकल ही दिसायलाच माउंटन बाईक असते. खडकावरून ती नेऊ नका.

हे सगळे मी आज ऐटीत सांगते आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात मला यातले काहीही ठाऊक नव्हते. ठाऊक झाले ते सई पडली म्हणून.

सई आमची थोरली. तेव्हा अठराची होती. कॉलेजच्या चौघा-पाचजणांबरोबर ती तुरहळ्ळीला जाऊ लागून तीन महिने झाले होते. तुरहळ्ळी म्हणजे बंगळूरच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्याच्या आत असलेला सुमारे सहाशे एकरांचा जंगलाचा तुकडा. आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटर. मोठमोठे ग्रॅनाइटसारखे खडक, त्यांच्यामध्ये घाणेरीची दाट झुडपे, आणि त्यांतून निघणाऱ्या पायवाटा. खडक चढायला शिकणारी मुलेही इथेच येतात. एका उतारावर कातळाला गुडघाभर उंचीची पायरी आहे. पुढची दोन मुले तिच्यावरून सहज उतरून गेली. सई उतरताना घाबरली, पुढचा ब्रेक घट्ट आवळला गेला, पुढचे चाक जागच्या जागी थांबले आणि ती हँडलवरून खांद्यावर पडली. गळ्याचे हाड मोडले.

या खेळात गळ्याचे हाड सर्वांत आधी जाते, असे डॉक्टरांनी अगदी शांतपणे सांगितले. माणूस पडताना हात पुढे टाकतो किंवा खांद्यावर आपटतो, आणि तो सगळा धक्का त्या बारीक हाडावर येतो. पट्टा बांधून सहा आठवडे, आणि दणके बसतील अशी सायकल तीन महिने बंद.

पट्टा बांधून घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या रात्री ती मला म्हणाली, "आई, मला वरूनच कळलं होतं, की हे मला जमणार नाही."

"मग उतरली का नाहीस?"

"मागे दोघं थांबले होते ना."

मला त्या हाडापेक्षा हे वाक्य जास्त लागले.

घरात अर्थातच खटला उभा राहिला. आमच्या ह्यांचे मत, सायकल विकून टाकावी आणि त्या पैशांत पोहण्याचा क्लास लावावा. ओंकारला वाटले, आता आपलीही जाणार, म्हणून तो न विचारताच ताईच्या बाजूने भांडू लागला. निकाल लागला तो फोनवरून. सासूबाई म्हणाल्या, "मी न्हाणीघरात पडून मनगट मोडून घेतलं. मग अंघोळ सोडली का?" ह्यांच्याकडे याला उत्तर नव्हते. मी मात्र एक अट घातली. पुढच्या वेळी मी बरोबर येणार, आणि गाडीत बसून राहणार नाही. मीही चालवणार.

वय सेहेचाळीस. शेवटची सायकल विलिंग्डन कॉलेजला असताना, दांडी नसलेली, पुढे टोपली असलेली. हसायचे असेल तर हसून घ्या.

सईचा खांदा बरा होईपर्यंत मी शिकले. कुठे शिकले, ते सांगते, कारण नवशिक्यांना तेच उपयोगाचे आहे. मारतहळ्ळीहून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे निघाले, की वर्तूर, गुंजूर, सर्जापूर या बाजूला इमारतींच्या मागे अजून शेती शिल्लक आहे. निलगिरीच्या रांगा, नाचणीची शेते आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या मातीच्या वाटा. आमच्याकडे सांगलीला त्यांना पाणंद म्हणतात. वीसेक किलोमीटरवर मुत्तानल्लूरचा मोठा तलाव आहे. त्याला इथे केरे म्हणतात. अशा केरेच्या बांधावरून जाणारी सपाट, रुंद, मुरुमाची वाट ही पहिल्या दिवसाची शाळा. ना चढ, ना खडक. खाली पाण्यात बगळे, आणि एखादी म्हैस आडवी आली तर तेवढाच अडथळा. लहान मुले, साठीचे गृहस्थ, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून आलेली आमच्यासारखी माणसे, सगळ्यांना ती झेपते. ओढणी मात्र घरी ठेवा. ती चेनमध्ये जाते.

डिसेंबरात नाचणी काढणीला आलेली असते. इथले शेतकरी कापलेली कणसे सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून मळून घेतात. मी बाजूने जाऊ लागले, तर एका आजोबांनी हात हलवून मला कणसांवरूनच जायला लावले. माझ्या वजनाचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला. पुढे बांधाचा छोटा उतार आला, तिथे माझी सायकल डुलू लागली, तेव्हा तेच आजोबा मागून ओरडले, "निधान! निधान!" मला वाटले, हे काय? आपल्याकडे निधान म्हणजे ठेवा. घरी आल्यावर ओंकारने अर्थ सांगितला. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश.

अवलहळ्ळीची गंमत वेगळीच. निलगिरीचे राखीव जंगल, वळणावळणांच्या वाटा, मऊ चढउतार. बांध येऊ लागला, की पुढची पायरी तीच, असे सईने सांगितले होते. मी फोनवर नाव टाकले आणि आम्ही पहाटे निघालो. पाऊण तासही लागला नाही. मला वाटले, वा, किती जवळ. उतरून बघतो तर जुन्या मद्रास रस्त्यालगतची गोदामे आणि ट्रक. जंगल कुठेच नाही. चहावाल्याला विचारले, तर तो म्हणाला, अवलहळ्ळी हेच. मग कळले, की बंगळूरच्या भोवती या नावाची एकाहून अधिक गावे आहेत. एक हे, एक दक्षिणेला अंजनापुराकडे, आणि सायकलवाल्यांचे जंगल आहे ते उत्तरेला येलहंकाच्या पुढे, सिंगनायकनहळ्ळीजवळ. आमच्यापासून तीस किलोमीटरच्या वर. तेव्हा जाणाऱ्यांनी गावाच्या नावावर विसंबू नये. 'येलहंकाचे अवलहळ्ळी' असे विचारावे. त्या दिवशी आम्ही इडली खाऊन परत आलो, आणि हे दिवसभर मिशीत हसत होते.

खरे अवलहळ्ळी पुढच्या रविवारी पाहिले. तिथे मला चार गोष्टी शिकवल्या गेल्या, आणि शिकवणारी होती एक हात अजून जपून वापरणारी सई. चढ लागण्याच्या आधी गिअर हलका करायचा. चढात पाय अडकल्यावर गिअर बदलला, तर चेन कुरकुरते आणि सायकल उभी राहते. उतारावर सीट खाली करायची आणि अंग मागे न्यायचे. ब्रेकवर एक-एकच बोट ठेवायचे, आणि दाबायचा तो हळूहळू, पिळल्यासारखा. नजर दगडावर ठेवायची नाही, दगडाच्या शेजारच्या मोकळ्या वाटेवर ठेवायची. हे शेवटचे मला सर्वांत अवघड गेले. ज्या दगडाला टाळायचे म्हणून मी टक लावून बघत होते, त्याच दगडावर माझे चाक तीनदा गेले. निलगिरीच्या वाळक्या पानांवर वळताना ब्रेक लावू नये, हे मात्र कोणी शिकवले नाही, ते मी पडून शिकले. पालापाचोळ्यावर पडण्यात तसा फारसा अपमान नाही.

हवेचेही एक गणित असते. मातीत टायरची हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे टायर जमिनीला धरून चालतो. पण फारच कमी केली, तर दगडावर आपटून ट्यूब रिमला चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. दुपारी दोन पंक्चर काढत बसलेल्या माणसाकडून ऐकलेले हे ज्ञान आहे. ते काढत होते आमचे हेच.

परदेशात अशा वाटांना बर्फावरच्या घसरणीच्या खेळासारख्या खुणा लावलेल्या असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. माणसाला आधीच कळते, की आपण कुठे शिरतो आहोत. मी गेले त्या कोणत्याही वाटेवर मला अशी पाटी दिसली नाही. त्यात एकच वाट दर महिन्याला वेगळी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात तांबडी माती खचते आणि वाटेला चर पडतात. नोव्हेंबरनंतर तीच कडक होते आणि वर बारीक खडी मोकळी सुटते. कोरड्या कातळावर टायर घोरपडीसारखा चिकटतो, ओल्या शेवाळलेल्या कातळावर साबणासारखा निसटतो. मग अवघड कुठली आणि सोपी कुठली, हे ज्याचे त्यानेच त्या दिवशी ठरवायचे. सईच्या मित्रांच्या बोलण्यात सारखे नंदी असायचे. १,४७८ मीटर उंच, वळणावळणांचा चढ आणि पायथ्याच्या आडवाटा. जाऊन आलेली मुले तिथल्या चढाचे सांगतात तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. मी गेलेले नाही, आणि सध्या बेतही नाही.

तुरहळ्ळीला परत जायला मात्र वेळ लागला. एक तर सईची भीती, जी तिने कधी भीती आहे असे म्हटले नाही. दुसरे म्हणजे २०२२ च्या डिसेंबरात त्या भागात बिबट्या फिरत असल्याच्या बातम्या आल्या. बन्नेरघट्टाचे राष्ट्रीय उद्यान फार लांब नाही, तेव्हा बिबट्याला त्यात वावगे वाटायचे कारण नव्हते. आम्ही तेव्हापासून एक नियम केला आहे. उजाडल्यावरच आत शिरायचे, एकट्याने नाही, आणि फाटकावर कोणी नको म्हटले तर वाद न घालता परत फिरायचे. जंगल राखीव आहे. आत सोडायचे की नाही, हे वनखात्याने ठरवायचे, आपण नाही. निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

ते जंगल आज आहे, यामागेही एक हकीकत आहे. २०२१ च्या सुरुवातीला वनखात्याने तिथे वृक्षउद्यान करायचे ठरवले होते. आसपासचे रहिवासी, पक्षी बघणारे आणि सायकलवाले एकत्र आले, त्यांनी विरोध केला, आणि तो बेत थांबला. पुण्याच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. वेताळ टेकडीतून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये लोक असेच चालत निघाले होते. आमच्या ह्यांना यात विसंगती दिसते. ते म्हणतात, बागेला नको म्हणायचे आणि स्वतः चाके घेऊन जंगलात शिरायचे. मला त्यांचे अर्धे पटते. मागचे चाक ब्रेक लावून घसरवत उतरणारी मुले मी पाहिली आहेत. धूळ उडते, व्हिडिओ छान येतो. पण प्रत्येक घसरणीला माती खरवडली जाते, तिथे चर पडतो, पुढच्या पावसात पाणी त्या चरातूनच धावते आणि वर्षभरात वाटेचा ओढा होतो. मग तो टाळायला लोक बाजूच्या झुडपांतून नवी वाट पाडतात. चिखलात सायकल घालणे हेही त्यातलेच. म्हणून पाऊस पडून गेला, की दोन दिवस आम्ही जात नाही. ओंकार कुरकुरतो. कुरकुरू दे.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघेही तुरहळ्ळीला गेलो. ह्यांनी सुद्धा भाड्याची सायकल घेतली होती आणि पहिल्या चढापासूनच ती ढकलत आणली, ते अगदी मनापासून. ओंकार कुठेतरी पुढे निघून गेला होता. मी मध्यम वाटेने वळसा घालून कातळाच्या खाली येऊन थांबले, कारण वरून जायची माझी पात्रता नाही हे मला ठाऊक आहे. सई वर होती. ती पायरी मी पहिल्यांदाच बघत होते. गुडघाभर म्हणतात, मला ती कमरेएवढी वाटली.

सई कडेला आली. थांबली. एक पाय टेकून खाली बघत राहिली. तिच्या मागे एक मुलगा येऊन थांबला, मग आणखी एक. मी तोंडातून शब्द काढला नाही, पाण्याच्या बाटलीचे झाकण मात्र तीन वेळा उघडले आणि लावले. मग ती खाली उतरली. सायकल उचलून कातळाच्या कडेला घेतली आणि मागच्या मुलाला हाताने वाट दाखवली.

तो मुलगा जोरात पुढे आला, पायरीच्या तोंडाशी त्याने ब्रेक लावला, आणि खाली वाकून बघितले. मग तोही उतरला.